सरांना विचारायचं काय, आणि कधी?

मैदान आणि घर : वाचकांचे प्रश्न

शालेय स्पर्धांचा मोसम जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ‘मुलीला कोणता खेळ लावावा’ हे मागे पडतं आणि ‘सरांशी कसं बोलावं’, ‘पालकांना कसं आवरावं’ हे पुढे येतं. भांडण होतं ते फलंदाजीच्या क्रमावरून नाहीतर रात्रीच्या मेसेजवरून. पण फी भरली त्या दिवशी कोणती गोष्ट कोण ठरवणार, हे कोणीच कोणाला सांगितलेलं नसतं. या वेळी पालकांची आणि प्रशिक्षकांची पत्रं शेजारी शेजारी छापली आहेत. आपल्या बाजूचं नसलेलं पत्रही वाचावं, ही विनंती.

‘मुलगा १२ वर्षांचा, दोन वर्षांपासून क्रिकेटच्या कॅम्पला जातो. १४ वर्षांखालच्या संघात आहे, पण सर त्याला आठव्या क्रमांकावर पाठवतात. बऱ्याचदा बॅटिंग येतच नाही. फी आम्ही सगळ्यांइतकीच भरतो. मिस्टर म्हणतात, मॅच संपली की तिथेच जाब विचारू. मुलगा म्हणतो, बाबा, प्लीज काही बोलू नका. काय करावं?’
— एक आई, डोंबिवली

मुलाचं ऐका. मॅच संपल्यावर सरांना किट मोजायचं असतं, स्कोअरबुकावर सही घ्यायची असते, दुसऱ्या संघासाठी मैदान रिकामं करायचं असतं, आणि आजूबाजूला दहा पालक कान देऊन उभे असतात. अशा वेळी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, बचाव मिळतो. शिवाय ज्याच्यासाठी विचारायला गेलात तो मुलगा साइटस्क्रीनच्या मागे तोंड लपवून उभा असतो. मॅच आणि बोलणं यांत पूर्ण २४ तास जाऊ द्या. निम्मे प्रश्न तेवढ्यात आपोआप गळतात.

आता विचारायचं काय? फलंदाजीचा क्रम, संघनिवड, डावपेच आणि दुसऱ्याचं मूल या चार गोष्टी प्रशिक्षकाच्या. त्यांवर मत असायला हरकत नाही, जाब विचारायचा नाही. तुम्ही फीचा उल्लेख केलात म्हणून स्पष्टच सांगतो : फी सरावाची असते, संघातल्या जागेची नसते. पण मग सरावाचा हिशेब मात्र तुम्ही हक्काने मागू शकता, आणि तो फार थोडे पालक मागतात. बॅचमध्ये ३० मुलं, दोन नेट, दोन तासांचं सत्र. त्यातली ४० मिनिटं धावणं आणि क्षेत्ररक्षण. उरली ८० मिनिटं, दोन नेटची मिळून १६०. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वापाच मिनिटं. मिनिटाला चार चेंडू धरले तरी एकवीस चेंडू. आठवड्यात तीन दिवस कॅम्प असेल तर साठ-पासष्ट चेंडू. मुलगा आठव्या क्रमांकावर का खेळतो याचं उत्तर कधी कधी या आकड्यात सापडतं, आणि ‘बॅचमध्ये किती मुलं आहेत, नेट किती लागतात?’ या प्रश्नात कोणाचा अपमान नाही.

पहिला प्रश्न मुलालाच विचारू द्या. बारा वर्षांचा मुलगा सरावाच्या आधी सरांपाशी जाऊन ‘सर, मला वर खेळायचं असेल तर काय सुधारू?’ एवढं विचारू शकतो. घरी दोनदा म्हणून घेतलं की पुरे. आठवडाभरात उत्तर मिळालं नाही, तर तुमचा मेसेज : ‘सर, नमस्कार. मुलाच्या प्रगतीबद्दल १५ मिनिटं बोलायचं होतं. सामन्याचा दिवस सोडून तुम्हाला सोयीची वेळ सांगाल का?’ बस, कारणमीमांसा मेसेजमध्ये नको. भेटीत तीनच गोष्टी विचारा : त्याचं काय चांगलं दिसतं, पुढच्या सहा आठवड्यांत नेमकी कोणती एक-दोन कामं करायची, आणि त्यात घरी काय करता येईल. ‘अमक्याला तिसऱ्या क्रमांकावर पाठवता, मग आमच्याला का नाही’ हे वाक्य तोंडातून निघालं की भेट तिथेच संपली समजा.

त्यानंतर सहा आठवडे गप्प राहायचं. हे सर्वांत अवघड. सहा आठवड्यांनंतरही सरांना तुमच्या मुलाबद्दल एकही नेमकी गोष्ट सांगता आली नाही, ‘मेहनत करायला सांगा’ याच्या पुढे गाडी गेली नाही, तर तेही एक उत्तरच आहे. मग कॅम्प बदला, पण मोसम संपल्यावर, बाकी फी चुकती करून, समोर जाऊन सांगून. ग्रुपवर जाहीर करून नव्हे.

जाता जाता. आचरेकर सर सरावात सचिन तेंडुलकरच्या यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे, जो त्याला बाद करील त्याचं ते नाणं, नाहीतर सचिनचं, ही गोष्ट प्रत्येक पालकाला पाठ असते. शाळा बदलून शारदाश्रमात जाण्याचा सल्लाही सरांचाच होता, पण शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायची सोय घराने केली होती. पालक नाण्याची गोष्ट सांगतात, काका-काकूंची सांगत नाहीत. कोणी काय पाहायचं हे तिथे किती नीट वाटून घेतलेलं होतं!

‘मी बॅडमिंटन शिकवतो. ४० मुलं, वय ८ ते १५. पालक कोर्टच्या मागे उभे राहून रॅली चालू असताना “ड्रॉप टाक, ड्रॉप!” ओरडतात. रात्री अकराला ग्रुपवर फूटवर्कचे व्हिडिओ टाकून “सर, हे का घेत नाही?” विचारतात. पालकांना हॉलमध्ये बंदीच करावी का?’
— एक प्रशिक्षक, पुणे

बंदी नको. बंद हॉलमध्ये अल्पवयीन मुलं असतील तिथे कोणत्याही पालकाला कोणत्याही वेळी डोकावता आलं पाहिजे, ही सुरक्षेची किमान अट आहे. आणि बाहेर काढलेला पालक शिकवणं सोडत नाही, घरी जाताना गाडीत शिकवतो. बघण्याची जागा ठरवा : भिंतीलगतची खुर्ची किंवा गॅलरी, कोर्टच्या मागची जागा नाही.

ओरडण्याबाबत खेळाचा नियमच तुमच्या बाजूने आहे. स्पर्धेत शटल खेळात असताना बाहेरून सूचना देता येत नाही. ११ गुणांवर ६० सेकंद आणि दोन गेमच्या मध्ये १२० सेकंद मिळतात, त्या वेळी खेळाडूजवळ जास्तीत जास्त दोन माणसं जाऊ शकतात. गोंधळ नेमका इथे होतो. साठ सेकंदांत सर सांगतात ‘बॅकहँडला खेळव’, बाबा सांगतात ‘स्मॅश सोडू नकोस’, आणि मूल पाणी न पिता परत जातं. म्हणून पालकांना आधीच सांगून ठेवा : तो मिनिट एका आवाजाचा. सर हजर असतील तर सरांचा. सर दुसऱ्या कोर्टवर अडकले असतील तर पालकाने बाटली आणि टॉवेल न्यायचा, आणि सामन्याआधी सरांनी दिलेलं एकच वाक्य म्हणायचं. रॅलीतल्या ‘ड्रॉप!’ बद्दल समजावून सांगा की ते ऐकू येईपर्यंत मुलाची रॅकेट निघालेली असते. आता ते मधेच निर्णय बदलायला जातं आणि शटल जाळीत पडतं. पालकांना वाटतं, सांगितलं ते केलं नाही. खरं तर सांगितलं म्हणून चुकलं.

हे सगळं सांगायला एक बैठक घ्या. बॅच सुरू होण्याआधीचा शनिवार, ४५ मिनिटं, प्रत्येक मुलामागे घरातलं एक मोठं माणूस. आजी आली तरी चालेल, कारण ने-आण बहुतेक तीच करत असते. हातात एक पान द्या आणि ते मोठ्याने वाचून दाखवा. नुसतं ग्रुपवर टाकलेलं पान कोणी उघडत नाही. त्या पानावर फी आणि तारीख, सुट्टीचे दिवस, बॅचमधली मुलांची संख्या, निवडीचे निकष, दुखापत झाली तर काय करणार, निरोप कोणत्या मार्गाने द्यायचे, आणि तक्रार तुमच्याकडून न सुटल्यास क्लबमध्ये कोणाकडे जायचं, एवढं हवं. शेवटची ओळ लिहायला प्रशिक्षक कचरतात. ती नसली की तक्रार थेट समितीवरच्या ओळखीच्या माणसाकडे जाते, हे विसरू नका.

ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करा, त्यावर वेळ आणि सूचना एवढंच. ‘आज येणार नाही’ हा वैयक्तिक मेसेज. दुखापत किंवा तातडीचं काम असेल तर फोन. प्रगती आणि तक्रार समोरासमोर. सकाळी ९ ते रात्री ८ ही उत्तराची वेळ. हा नियम बहुधा पालक मोडत नाहीत, तुम्हीच मोडता : एखाद्या वजनदार पालकाच्या रात्री अकराच्या मेसेजला अकरा वाजून दोन मिनिटांनी उत्तर देता, आणि उरलेल्या ३९ घरांना कळतं की नियम सगळ्यांना नाही.

बोलायला मार्ग दिला नाही तर ते व्हिडिओ थांबणार नाहीत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक पालकाला दहा मिनिटं द्या. चाळीस मुलांचे सहा तास चाळीस मिनिटं होतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण महिन्याला तेरा-चौदा मुलं धरली तर सव्वादोन तासांचं काम आहे. आणि निवड करताना वगळलेल्या मुलांना यादी लागण्याआधी स्वतः सांगा, कारणासहित. ‘बघू’ आणि ‘पुढच्या वेळी नक्की’ हे दोन शब्दप्रयोग प्रशिक्षकांनी काही काळ बंद ठेवले, तर आमच्याकडे येणारी निम्मी पत्रं बंद होतील.

‘मुलगा १४ वर्षांचा, उजव्या हाताने जलद गोलंदाजी करतो. शाळेचा संघ, क्लब आणि रविवारी खासगी सर, असे तीन ठिकाणी जातो. तीन आठवड्यांपासून कमरेत डाव्या बाजूला दुखतंय. शाळेचे सर म्हणतात स्नायू आखडलाय, क्लबचे म्हणतात पोटाचे व्यायाम कमी पडतात, खासगी सर म्हणतात ॲक्शन बदलू. कोणाचं ऐकू?’
— एक वडील, नाशिक

तिघांचंही नाही. आजपासून गोलंदाजी बंद आणि या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक डॉक्टर. वाढत्या वयातल्या जलद गोलंदाजाला कमरेच्या खालच्या मणक्यांत, बहुधा चौथ्या-पाचव्यात, हाडाला ताणाची चीर जाऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला असते. उजवा गोलंदाज, डावीकडे दुखणं, मागे वाकलं की जास्त, विश्रांती घेतली की कमी, पुन्हा चेंडू टाकला की परत : हे चित्र असेल तर डॉक्टरांना गोलंदाजीबद्दल आधी सांगा. सुरुवातीच्या अवस्थेत साध्या एक्स-रेमध्ये अशी चीर पुष्कळदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. ‘एक्स-रे नॉर्मल आलाय, खेळू दे’ म्हणून पाठवलेली मुलं पुढे कित्येक महिने बाहेर बसतात. वेळेत पकडलं तर हाड बहुतेकदा भरून येतं.

दुखणं हा डॉक्टरांचा विषय. पण ते इतकं का वाढलं, हा आपल्या सदराचा विषय आहे. तिन्ही सरांनी आपापल्या जागी मुलाला जास्त टाकायला लावलं नसेलही. शाळेच्या सरांनी सहा षटकं दिली, क्लबने आठ, रविवारी नेटमध्ये तासभर. बेरीज कोणीच केली नाही, कारण तिन्ही ठिकाणचं दिसणारा एकच माणूस म्हणजे तुम्ही. गोलंदाजीची वही पालकाने ठेवायची असते. तारीख, कुठे, सामना की नेट, किती चेंडू, दुखलं का. रोज एक ओळ. नेटमधले चेंडूही मोजायचे. सगळे ते विसरतात आणि संख्येने तेच जास्त असतात.

किती चालेल? इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने जलद गोलंदाजांसाठी वयानुसार घातलेल्या मर्यादा हाताशी ठेवायला बऱ्या आहेत. १३ वर्षांखाली एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ५ षटकं आणि दिवसात १०. १५ वर्षांखाली स्पेलमध्ये ६ आणि दिवसात १२. एक स्पेल संपला की त्याच टोकाकडून तितकीच षटकं पडल्याशिवाय दुसरा नाही. सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस नाही, सलग दोनपेक्षा जास्त नाही. म्हणजे तुमच्या मुलासाठी दिवसाची कमाल ७२ चेंडू. आणखी एक ढोबळ आडाखा : गेल्या चार आठवड्यांची सरासरी काढा आणि चालू आठवडा तिच्या दीडपटीपुढे जाऊ देऊ नका. सरासरी १२० चेंडूंची असेल तर १८० नंतर ‘आज फक्त बॅटिंग’. परीक्षेची तीन आठवड्यांची सुट्टी आणि लगेच स्पर्धा, इथेच बहुतेक दुखापती होतात. हाड विसावलेलं असतं आणि उत्साह दुप्पट.

तीन सरांचं काय? बरं झाल्यावर त्यांतला एक मुख्य ठरवा, शक्यतो वर्षभर मुलाला पाहणारा, बहुधा क्लबचा. ॲक्शनमध्ये बदल करायचा तर तोच करील. बाकी दोघांना तुम्ही स्वतः सांगायचं : ‘सर, तंत्राचं सध्या क्लबचे सर पाहतायत. तुमच्याकडे या आठवड्यात चाळीस चेंडूंची मुभा आहे.’ हे मुलाच्या तोंडून सांगायला लावू नका. चौदा वर्षांचा मुलगा सरांना नाही म्हणू शकत नाही, म्हणूनच दुखत असूनही तो तिन्हीकडे जात राहिला.

‘मुलगा कबड्डी खेळतो, किशोर गट. गटाची मर्यादा ५५ किलो, त्याचं वजन ५७.८. निवड चाचणी आठ दिवसांवर. सर म्हणतात रेनकोट घालून पळायचं, शेवटचे दोन दिवस पाणी बंद. सर मोठे खेळाडू होते, त्यांना कसं सांगू?’
— एक आई, सांगली जिल्हा

आदराने, पण ‘नाही’ असंच. हे डावपेचांत मोडत नाही, शरीरात मोडतं, आणि मुलाच्या शरीराबद्दलचा शेवटचा शब्द घराचा.

२.८ किलो म्हणजे त्याच्या वजनाचे जवळजवळ ५ टक्के. शरीरातलं पाणी २ टक्के वजनाइतकं घटलं तरी दम आणि चपळाई कमी होऊ लागते. चढाईला गेलेल्या मुलाची प्रतिक्रिया मंदावली तर पकड चुकवणार कोण? अमेरिकेत १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वजन उतरवताना कॉलेजचे तीन कुस्तीगीर महिन्याभरात दगावले. त्यांनीही असंच केलं होतं : घाम सुटेल असे कपडे, उष्णता, पाणी बंद. त्यानंतर तिथे ते रबरी सूट बंद झाले. तिथल्या शालेय कुस्तीत आठवड्याला जास्तीत जास्त दीड टक्का वजन कमी करू देतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत साधारण ८७० ग्रॅम. २.८ किलोंना तीन आठवड्यांहून जास्त लागतील, तुमच्याकडे आठच दिवस आहेत. गणितच बसत नाही. तेही वाढत्या वयात, जेव्हा वजन वाढतंय कारण मूलच वाढतंय.

सरांना असं म्हणा : ‘सर, पाणी बंद आणि रेनकोट आम्हाला मान्य नाही. या वेळी चाचणी हुकली तरी चालेल. पुढच्या वर्षी कोणत्या गटात खेळवायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही वजनाची नोंद ठेवतो.’ निर्णयाचं ओझं तुम्ही उचललंत की सरांनाही सुटका मिळते. मोठे खेळाडू होते म्हणजे त्यांच्यावरही हेच केलेलं असणार. दर सोमवारी सकाळी, उठल्या उठल्या, एकाच काट्यावर वजन घेऊन लिहून ठेवा. तीन महिन्यांची नोंद समोर असली तर गटाचा प्रश्न आठ दिवसांवर येऊन ठेपत नाही. मुलाने गुपचूप हा प्रयोग केलाच आणि लघवी गडद झाली, चक्कर आली, गोळे आले किंवा उन्हातही घाम यायचा थांबला, तर सावलीत घेऊन अंग गार करा आणि सरळ दवाखाना गाठा.

‘सर म्हणतात, दाखल्यावर एक वर्ष कमी करून घ्या, सगळेच करतात.’
— एक पालक, छत्रपती संभाजीनगर

करू नका, आणि त्या सरांकडे मुलाला ठेवू नका. वय चोरणं हा कागदपत्रांचा गुन्हा आहे. सही तुमची असते, सरांची नाही. क्रिकेटमध्ये १६ वर्षांखालच्या गटात मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढतात, आणि खोटा दाखला सापडला तर दोन वर्षांची बंदी बसू शकते. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी, पुढे खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून नोकरीसाठी तेच कागद पुन्हा तपासले जातात. आणि मैदानावर काय होतं? वर्षाने मोठा मुलगा ताकदीवर जिंकत राहतो, तंत्र शिकत नाही. खुल्या गटात पोचला की ताकद सगळ्यांकडे असते.

‘मुलगी १३ वर्षांची, पोहते. सर तिला थेट मेसेज करतात, कधी रात्री साडेदहाला : “आज छान पोहलीस”, “डाएट पाठव”. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा बाहेरगावी स्पर्धा आहे. वाईट काही नाही, पण खटकतं. विचारलं तर सर दुखावतील का?’
— एक आई, नागपूर

खटकतं एवढं कारण पुरेसं आहे. अल्पवयीन मुलीशी कोणत्याही प्रौढ प्रशिक्षकाने एकट्याने, खासगी मेसेजवर बोलू नये. हा संशयाचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे. अमेरिकेत ऑलिंपिक खेळांच्या संघटनांना तसा नियमच आहे : प्रत्येक मेसेजमध्ये पालक किंवा दुसरा प्रौढ हवा. म्हणून सरांना विचारू नका, कळवा. तिघांचा ग्रुप करा — सर, मुलगी, तुम्ही — आणि लिहा : ‘सर, यापुढे तिचे सगळे निरोप इथे. आमच्या घरचा नियम आहे.’ चांगला प्रशिक्षक अंगठा दाखवून मोकळा होतो. ‘विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं तर ते नीट लक्षात ठेवा. ग्रुप झाल्यावरही तिला सरांचे खासगी मेसेज येत राहिले, तर स्क्रीनशॉट ठेवा आणि क्लबच्या सचिवांना लेखी कळवा.

प्रवासाआधी हे लेखी मागा : गाडीचा क्रमांक आणि वेळ, राहण्याचा पत्ता, खोल्यांची यादी, सोबत कोण महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक आहे तिचं नाव आणि फोन. प्रौढ माणूस मुलांच्या खोलीत झोपणार नाही, मालिश किंवा स्ट्रेचिंग चारचौघांत होईल, आणि मुलीचा फोन तिच्याजवळच राहील, हेही विचारून घ्या. ‘शिस्तीसाठी’ फोन काढून घेणं सर्रास चालतं. खेळताना घ्या, पण रात्री परत द्या, एवढा आग्रह धरा. तुमच्याकडून द्यायचं ते असं : औषधांची ॲलर्जी, चालू औषधं, तातडीच्या उपचारांची सहीची परवानगी, विम्याची प्रत. पाळीबद्दल कोणाला सांगायचं ते तिने ठरवावं. संघात एक तरी बाई अशी हवी जिला ती न लाजता सांगेल. पुरुष प्रशिक्षकाला ‘आज पाण्यात उतरणार नाही’ एवढं पुरलं पाहिजे, कारण विचारायचा हक्क त्याला नाही.

मुलीने कधी स्पर्शाबद्दल, फोटोबद्दल काही सांगितलं, तर तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका आणि क्लबच्या ‘आपसात मिटवू’ला बळी पडू नका. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, २०१२पासून, अशी माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे, संस्थेच्या प्रमुखाला तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

‘मुलगा १५ वर्षांचा. सरांनी प्रोटीन पावडर सांगितली आहे, त्यांच्याकडेच मिळते. घ्यावी का?’
— एक वडील, पिंपरी

जो सांगतो तोच विकतो, तिथे थांबा. पंधरा वर्षांच्या मुलाला डाळ, उसळ, दूध, अंडी, पनीर यांतून लागतं तेवढं प्रथिन मिळू शकतं. खरी भीती डब्यावर न लिहिलेल्या भेसळीची. उत्तेजक चाचणीत जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची असते, सरांनी दिलं म्हणून तो सुटत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिनही स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणापुढे चालत नाही. तेव्हा राज्य स्पर्धेला जाणाऱ्या मुलाची साधी गोळीसुद्धा डॉक्टरांना ‘हा स्पर्धेत खेळतो’ असं सांगूनच घ्या.

‘नातू क्रिकेटची मॅच हरून आला की मी काय बोलू? त्याचे बाबा गाडीतच पोस्टमॉर्टेम सुरू करतात.’
— एक आजोबा, रत्नागिरी

आधी पाणी, मग खायला. जिंकलास का, किती काढल्यास, हे विचारू नका. धावा तुम्हाला ॲपवर आधीच कळलेल्या असतात, आणि हे त्यालाही माहीत असतं. तो बोलेपर्यंत खेळाचा विषय काढायचा नाही. काही मुलं दहा मिनिटांत बोलतात, काही रात्री अंथरुणावर. बाबांना एक काम द्या : गाडी चालवणं. चुकांचा हिशेब सर पुढच्या सरावाला करतील, ते त्यांचं काम आहे. आणि तुम्ही मागच्या सीटवर बसत असाल तर खिडकीची जागा त्याला द्या.